जानेवारीत निगेटिव्ह, एप्रिलमध्ये पॉझिटिव्ह: एका क्रॉसमॅचचं प्रकरण

नवऱ्याची किडनी बायकोला द्यायची आहे. रक्तगट चालतो, एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) सहापैकी तीन जुळतं, जानेवारीत केलेला क्रॉसमॅच, म्हणजे बायकोच्या रक्तात नवऱ्याच्या पेशींवर हल्ला करणारं काही आहे का ही तपासणी, निगेटिव्ह आहे. एप्रिलमध्ये शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासलं तर निकाल ठळक पॉझिटिव्ह. माणसं तीच दोघं. आता कुठला कागद खरा मानायचा?

हे प्रकरण कुणा एका बाईचं नाही. ऊतकजुळणीच्या प्रयोगशाळेत वरचेवर दिसणाऱ्या परिस्थितींचे धागे एकत्र करून ते शिकवण्यासाठी रचलं आहे. वयं, गावं, निकालांचे आकडे त्यासाठी घेतले आहेत. त्यामागचं विज्ञान, कायदा आणि कामाची रीत मात्र जशी आहे तशीच ठेवली आहे.

रुग्ण आणि दाता

रुग्ण ३४ वर्षांची, सोलापूर जिल्ह्यातली. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा, दोघांच्या मध्ये एक गर्भपात. दोन वर्षांपूर्वी पायावर सूज आणि धाप म्हणून दवाखान्यात गेली तेव्हा क्रिएटिनीन, जे किडनी कमी काम करू लागली की रक्तात वाढतं, ९ च्या वर होतं आणि सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसलेल्या दिसल्या. इतक्या उशिरा बायोप्सी करून हाती काही लागत नाही, त्यामुळे मूळ आजार कोणता होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. रक्तगट बी पॉझिटिव्ह.

दाता तिचा नवरा, वय ३९, शेती आणि दूध संकलन. रक्तगट ओ पॉझिटिव्ह. ओ गटाची किडनी बी गटाला चालते, त्यामुळे पहिला अडसर नव्हताच. "मीच देणार," हे त्यानं पहिल्याच भेटीत सांगितलं. हे मुद्दाम नोंदवतो, कारण आपल्याकडे जिवंत दात्यांमध्ये बायकांचीच संख्या मोठी आहे. आई मुलाला देते, बायको नवऱ्याला देते. नवरा बायकोला देतो अशी जोडी त्या मानानं कमी येते. आणि जेव्हा येते तेव्हा प्रयोगशाळेनं जास्त सावध व्हायला हवं. का, ते पुढे येईलच.

दोघांचं टायपिंग, म्हणजे कुणाकडे कुठले एचएलए आहेत त्याची यादी, असं (इथले ए आणि बी हे रक्तगट नव्हेत, एचएलएचे प्रकार आहेत):

रुग्ण: ए११, ए३३, बी३५, बी४४, डीआर१४, डीआर७.
नवरा: ए२४, ए३३, बी६१, बी४४, डीआर१५, डीआर७.

एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना खेटून असतात. म्हणून ती सुटी सुटी नाही, तर गठ्ठ्यानं वारशात येतात: एक गठ्ठा आईकडून, एक वडिलांकडून. अशा गठ्ठ्याला हॅप्लोटाइप म्हणतात. सख्ख्या भावंडांत दोन्ही गठ्ठे जुळण्याची शक्यता २५ टक्के, एकच जुळण्याची ५० टक्के, एकही न जुळण्याची २५ टक्के. नवरा-बायकोत अख्खा गठ्ठा जुळणं एरवी दुर्मीळ. पण इथे ए३३-बी४४-डीआर७ हा आख्खा गठ्ठा दोघांत समान होता. प्रयोगशाळेतल्या मुलीला वाटलं, नमुन्यांची अदलाबदल झाली की काय. तसं नव्हतं. नवरा तिच्या आत्याचा मुलगा. सोलापूर-सांगली पट्ट्यात मामाची मुलगी करणं ही जुनीच चाल आहे, त्यामुळे आजी-आजोबांकडचा एक गठ्ठा दोन्ही घरांत उतरला असेल तर नवल नाही. शिवाय हा गठ्ठा भारतीयांत तसाही बऱ्यापैकी आढळतो.

रिपोर्टवर "३/६" असं आलं आणि घरच्यांनी त्याचा अर्थ "निम्मी किडनी जुळली" असा घेतला. वडील-मुलगा असते तर एवढीच जुळली असती, असं कुणीतरी सांगितल्यावर तर सगळे निर्धास्त झाले. प्रकरण बिघडतं ते बहुतेक इथेच. किती जुळतं हा एक प्रश्न. जे जुळत नाही त्याविरुद्ध रुग्णाच्या रक्तात आधीच हत्यार तयार आहे का, हा दुसरा. टॅक्रोलिमस आणि मायकोफिनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांच्या जमान्यात पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडं डावं आलं तरी निभावतं. एकही एचएलए न जुळणाऱ्या जोडप्यांचीही प्रत्यारोपणं वर्षानुवर्षं चांगली चालतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर मात्र किडनी टेबलावरच निळी-काळी पडू शकते.

दहा टक्के म्हणजे काय

जानेवारीतला क्रॉसमॅच सीडीसी, म्हणजे पेशी मरतात का ते बघणाऱ्या, पद्धतीचा होता. ही पद्धत पॉल तेरासाकी यांनी लॉस एंजेलिसला १९६४ मध्ये सूक्ष्म प्रमाणावर बसवली आणि तिचा आराखडा अजून फारसा बदललेला नाही. दात्याच्या रक्तातून लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या. छोट्या खाचा असलेल्या ताटलीत, जिला आजही तेरासाकी प्लेटच म्हणतात, प्रत्येक खाचेत एक मायक्रोलीटर रुग्णाचं सीरम (गोठलेल्या रक्तातून वेगळा केलेला द्रव) आणि तेवढ्याच द्रवात साधारण दोन हजार पेशी. अर्ध्या तासानं सशाच्या रक्तातलं कॉम्प्लिमेंट, म्हणजे पेशी मारणारी प्रथिनं. तासाभरानं रंगद्रव्य घालून सूक्ष्मदर्शकाखाली किती पेशी मेल्या ते मोजायचं. सीरममध्ये दात्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) असली तर ती पेशीला चिकटतात, कॉम्प्लिमेंट पेशीच्या भिंतीला भोकं पाडतं आणि रंग आत शिरतो.

ही चाचणी सक्तीची का झाली, हे सांगायला एकच अभ्यास पुरतो. १९६९ मध्ये पटेल आणि तेरासाकी यांनी २२५ किडनी प्रत्यारोपणांचे निकाल मांडले. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असूनही ज्या ३० जणांत किडनी बसवली होती, त्यांतल्या २४ जणांची किडनी ताबडतोब निकामी झाली. निगेटिव्ह असलेल्या १९५ जणांत तसं फक्त ८ वेळा झालं. त्यानंतर क्रॉसमॅच न करता किडनी बसवणं हे धाडस राहिलं नाही, तो हलगर्जीपणा ठरला.

आपल्याकडच्या सीडीसी रिपोर्टवर टक्केवारी छापतात. १० टक्क्यांपर्यंत निगेटिव्ह, ११ ते २० संशयास्पद, २१ ते ५० क्षीण पॉझिटिव्ह, त्याच्या वर पॉझिटिव्ह आणि ८० च्या वर जोरदार पॉझिटिव्ह. या बाईचा रिपोर्ट १० टक्के होता. घरी त्याचा अर्थ "दहा टक्केच जुळत नाही" असा निघाला. प्रत्यक्षात तो मेलेल्या पेशींचा आकडा आहे. कुठल्याही प्रतिपिंडाशिवाय, निव्वळ हाताळणीतही काही पेशी मरतातच. आणि निगेटिव्ह म्हणजे प्रतिपिंडं नाहीत असं नव्हे. पेशी मारण्याइतकी नाहीत, एवढंच सीडीसी सांगू शकते.

जानेवारीनंतर तीन महिने गेले कुठे? नवऱ्याचं सीटी अँजिओ, किडनीच्या कामाचा स्कॅन, हृदयतपासणी यांत काही आठवडे. उरलेला वेळ कागदांत. लग्नाची नोंदणी झालेली नव्हती. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानं पती-पत्नी हे जवळचे नातेवाईक आहेत, पण ते नातं समितीसमोर कागदानं सिद्ध करावं लागतं. आई-मुलाचं नातं एचएलएवरून पडताळता येतं. लग्न कुठल्याही रक्तात दिसत नाही. हा कायदा फेब्रुवारी १९९५ पासून सर्वांत आधी ज्या राज्यांत लागू झाला ती महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश; म्हणजे आपल्याकडच्या समित्यांना या कागदांची सवय तीस वर्षांची आहे. सोलापुरातून ग्रामपंचायत, तिथून पुन्हा तालुका, असं करत दाखला मार्चअखेर हातात आला.

एप्रिलचा नमुना

पुण्याच्या केंद्रानं फ्लो क्रॉसमॅच मागितला. पहिला प्रयत्न वाया गेला. नवऱ्याचं रक्त सोलापुरात काढून रात्रीच्या गाडीनं पाठवलं, आणि कुणीतरी काळजीपोटी ते बर्फात ठेवलं. क्रॉसमॅचला जिवंत पेशी लागतात. हेपॅरिनच्या हिरव्या बुचाच्या नळीतलं रक्त साध्या खोलीच्या तापमानालाच पाठवायचं असतं. थंड केलेल्या रक्तातून निघालेल्या पेशी इतक्या मरगळलेल्या होत्या की नमुना नाकारला. जांभळ्या बुचाची ईडीटीएची नळी वेगळी, ती डीएनएसाठी. तिला प्रवासाचं फारसं काही वाटत नाही. दोघांना मग प्रत्यक्षच बोलावलं.

फ्लो सायटोमेट्रीत पेशी मरण्याची वाट पाहत नाहीत. प्रतिपिंड पेशीला चिकटलं आहे का, एवढंच चमकणाऱ्या खुणेनं बघतात. त्यामुळे सीडीसीच्या नजरेतून निसटणारी कमी पातळीही दिसते. निकाल: टी पेशींवर पॉझिटिव्ह, बी पेशींवर त्याहून जास्त पॉझिटिव्ह (टी आणि बी या लिम्फोसाइटच्याच दोन जाती). सोबत पुन्हा लावलेली सीडीसी, या वेळी अँटी-ह्यूमन ग्लोब्युलिन घालून तिखट केलेली, ३० टक्के. रुग्णाच्या सीरमची तिच्या स्वतःच्या पेशींशी घातलेली गाठ निगेटिव्ह, म्हणजे स्वतःविरुद्धच्या प्रतिपिंडांचा हा खोटा गोंधळ नव्हता. सीरमवर डीटीटीची प्रक्रिया केल्यावरही निकाल तसाच राहिला. डीटीटी हे रसायन आयजीएम जातीची प्रतिपिंडं मोडतं, आयजीजीला हात लावत नाही; म्हणजे प्रतिपिंडं घातक जातीची, आयजीजीच होती.

टी पेशींवर वर्ग १ चे एचएलए असतात (ए, बी, सी), बी पेशींवर वर्ग १ आणि वर्ग २ दोन्ही (डीआर, डीक्यू, डीपी). टी पॉझिटिव्ह, बी जास्त पॉझिटिव्ह, हा नमुना बघून अनुभवी माणूस मनात म्हणतो: दोन्ही वर्गांविरुद्ध काहीतरी आहे. पण अंदाजावर थांबायचं कारण आता उरलेलं नाही. ल्युमिनेक्सच्या सिंगल अँटिजेन चाचणीत प्रत्येक सूक्ष्म मण्यावर एकच एचएलए चिकटवलेला असतो. कुठला मणी किती उजळतो यावरून प्रतिपिंड नेमकं कुणाविरुद्ध आहे ते कळतं. उजेडाचा आकडा एमएफआय या मापात येतो.

ए२४: ७,४००. ए२३: ६,९००. डीआर१५: ३,१००. बी६१: ६००, म्हणजे नगण्य.

या चार आकड्यांत बाईच्या लग्नानंतरचा सगळा वैद्यकीय इतिहास आहे. ए२४ आणि डीआर१५ हे नवऱ्याच्या त्याच गठ्ठ्यातले, जो तिच्याकडे नाही. ए२३ नवऱ्यात नाहीच, पण ए२३ आणि ए२४ हे एकेकाळी ए९ या एकाच नावाखाली मोजले जात इतके सारखे. एकाविरुद्धचं प्रतिपिंड दुसऱ्यालाही चिकटतं. दुसरा गठ्ठा तिचा स्वतःचाही आहे, त्यामुळे त्याविरुद्ध काही नाही. नवऱ्याच्या एचएलएशी तिच्या शरीराची पहिली ओळख गरोदरपणातच झाली असणार. पोटातल्या बाळात निम्मे एचएलए बापाचे असतात आणि बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात जातात. १९५८ मध्ये नेदरलँड्समध्ये योन व्हान रूड आणि अमेरिकेत रोझ पेन यांनी स्वतंत्रपणे दाखवलं ते हेच: अनेकदा बाळंत झालेल्या बायकांच्या सीरममध्ये पांढऱ्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं असतात. पुढे कित्येक वर्षं ऊतकजुळणीचं शास्त्र याच आयांच्या सीरमवर उभं राहिलं. टायपिंगसाठी लागणारी अभिकर्मकं तेव्हा तिथूनच यायची. नवरा बायकोला किडनी देतो तेव्हा जास्त सावध व्हायला हवं, ते यासाठी.

रकाना रिकामा होता

पण मग जानेवारीत हे दिसलं का नाही?

मागणीपत्रावर तीन रकाने असतात: गर्भधारणा, रक्तसंक्रमण, आधीचं प्रत्यारोपण. जानेवारीच्या पत्रावर पहिल्यात "२" होतं, दुसरा रिकामा. गर्भपात कुणी मोजला नव्हता. लोक अपत्यं मोजतात, डॉक्टरही पुष्कळदा तेवढीच लिहून घेतात. एप्रिलचा निकाल आल्यावर प्रत्यारोपण समन्वयक बाईंनी दोघांना समोर बसवून पुन्हा विचारलं.

"ताई, रक्त कधी चढवलं होतं?"

"डायलिसिस सुरू झालं तेव्हा. दोन बाटल्या."

"त्यानंतर?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "फेब्रुवारीत नाही का, मॅडम, डायलिसिसचा फिस्टुला बंद पडला तेव्हा मानेत नळी घातली होती. ताप आला, हिमोग्लोबिन पाचवर गेलं. तालुक्याला दोन बाटल्या दिल्या की."

फेब्रुवारी. म्हणजे जानेवारीच्या नमुन्यानंतर आणि एप्रिलच्या आधी. रक्ताच्या पिशवीत लाल पेशींबरोबर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही जातात आणि त्यांच्यावर एचएलए असतात. ए२४ आणि डीआर१५ आपल्याकडे इतके सर्रास आढळतात की कुठल्याही रक्तदात्यात ते असण्याची शक्यता भरपूर. गरोदरपणात जी स्मृती तयार होऊन पेंगत पडली होती, ती दोन पिशव्यांनी जागी झाली. अशा घटनेनंतर दोन ते चार आठवड्यांनी नवं सीरम घेऊन तपासायचं असतं; पण घटना कुणाला कळलीच नाही तर घेणार कोण?

पहिल्या प्रयोगशाळेत जानेवारीच्या सीरमचा थोडा भाग गोठवून ठेवलेला होता. तो मागवून मण्यांवर लावला. ए२४: २,१००. डीआर१५: ८००. म्हणजे जानेवारीतही प्रतिपिंड होतं. सीडीसीच्या उंबऱ्याखाली होतं, इतकंच. त्याच दिवशी फ्लो केला असता तर बहुधा क्षीण पॉझिटिव्ह आला असता.

नवऱ्याचा प्रश्न होता, "मग पहिला रिपोर्ट खोटा होता का?" खोटा नव्हता. त्या दिवसाच्या सीरमबद्दल, त्या पद्धतीच्या नजरेला जे दिसलं ते त्यात बरोबर लिहिलेलं होतं. क्रॉसमॅचच्या रिपोर्टवर दाता आणि रुग्णाच्या नावाइतकीच ठळक छापायला हवी ती सीरम काढल्याची तारीख. बहुतेक कागदांवर ती कोपऱ्यात, बारीक अक्षरात असते, आणि "रिपोर्टची तारीख" मात्र ठसठशीत. माझ्या मते ही अदलाबदल छपाईची किरकोळ बाब नाही. आणि तीन वेळा गरोदर राहिलेल्या बाईचा नवरा दाता असताना नुसत्या सीडीसीवर थांबणं मला पटत नाही. सिंगल अँटिजेन चाचणी महाग आहे, म्हणून सगळ्यांना सांगितली जात नाही, हे समजतं. सगळ्यांना नको, पण जिथे हवी ती जागा ही.

या रक्ताच्या पिशव्यांचा इतिहास तसा विचित्र आहे. १९७३ मध्ये ओपेल्झ आणि तेरासाकी यांनी दाखवलं होतं की प्रत्यारोपणाआधी रक्त चढवलेल्या रुग्णांची किडनी जास्त टिकते; त्यानंतर काही वर्षं केंद्रं मुद्दाम रक्त देत. सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आल्यावर तो फायदा पुसट झाला, १९८९ मध्ये रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिन बाजारात आलं आणि डायलिसिसवरच्या माणसाला रक्त टाळणं हा नियम झाला. या बाईला एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं लिहून दिलेली होती. ती नियमित मिळत नव्हती.

चार वाटा

पहिली वाट, नवऱ्याचीच किडनी, आधी प्रतिपिंडं उतरवून. प्लाझ्माफेरेसिसनं रक्तातली प्रतिपिंडं काढायची, थोडं आयव्हीआयजी (शिरेतून द्यायची निरोगी माणसांची प्रतिपिंडं) द्यायचं, रिटुक्सिमॅब या औषधानं प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी कमी करायच्या. काही केंद्रं हे करतात. पण प्रतिकारशक्ती इतकी खाली नेल्यावर संसर्गाचा धोका वाढतो, आणि क्षयरोग जिथे घराघरांत दबा धरून आहे तिथे तो हिशेब हलका नसतो. खर्च लाखांत. त्यातून प्रतिपिंडं पुन्हा उसळून किडनीवर हल्ला होण्याची शक्यता राहतेच. एक छोटी तांत्रिक बाबही इथे निर्णायक ठरली: सीरममध्ये ईडीटीए घालून मणी पुन्हा लावले तर ए२४ चा आकडा ११,००० च्या वर गेला. प्रतिपिंडं खूप असली की सीरममधलंच कॉम्प्लिमेंट मण्यावर बसून खूण झाकतं आणि आकडा खोटाच कमी येतो. ७,४०० बघून "जमेल" म्हणणारे डॉक्टर ११,००० बघून गप्प झाले.

दुसरी वाट, बाईचा भाऊ किंवा आई. भाऊ तयार होता, पण रक्तगट ए. आईला मधुमेह. दोन्ही नावं तिथेच संपली.

तिसरी, मृत दात्याच्या यादीत नाव. पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे ते नोंदवायचं ठरलं. पण ए२४, ए२३ किंवा डीआर१५ असलेला प्रत्येक दाता तिला वर्ज्य. किती दाते बाद होतात हे सांगणारी जी गणकयंत्रं जालावर सहज मिळतात ती अमेरिकी दात्यांच्या माहितीवर चालतात. आपल्याकडे ए२४ आणि डीआर१५ दोन्ही जास्त आढळत असल्यानं खरी अडचण त्या आकड्यापेक्षा मोठी असणार.

चौथी, अदलाबदल. २०११ च्या दुरुस्तीनं कायद्यात स्वॅपची सोय झाली: दोन जोड्या, प्रत्येकीतला दाता आपल्याच रुग्णाचा जवळचा नातेवाईक, पण वैद्यकीय कारणानं त्याला देऊ न शकणारा, ते दाते आपसात बदलायचे. पैशाचा व्यवहार नाही, प्राधिकरण समितीची मंजुरी हवी.

आणि इथे या नवऱ्याचा रक्तगट एकदम मोलाचा ठरला. स्वॅपच्या यादीत ओ गटाचे रुग्ण ढीगभर आणि ओ गटाचे दाते जवळपास नाहीत. कारण उघड आहे. ओ गटाचा दाता आपल्या माणसाला थेट देऊ शकतो, तो यादीत येईल कशाला? तो येतो फक्त क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आला तरच. ज्या प्रतिपिंडांनी या जोडप्याची वाट अडवली, त्यांच्यामुळेच यादीतल्या कुणाची तरी मोकळी होणार होती.

तीन महिन्यांत जोडी मिळाली. नगर जिल्ह्यातले ५१ वर्षांचे गृहस्थ, गट ओ; त्यांची बायको ४७ वर्षांची, गट बी. गृहस्थांच्या सीरममध्ये कुठलाच मणी उजळला नाही. त्यांच्या बायकोचं टायपिंग: ए१, ए३३, बी५७, बी४४, डीआर७, डीआर७. आमच्या रुग्णाच्या वर्ज्य यादीतलं यात काहीच नाही. कागदावरच, रक्ताचा थेंबही न मिसळता, प्रयोगशाळेनं कळवलं की क्रॉसमॅच निगेटिव्ह यायला हवा. याला आभासी क्रॉसमॅच म्हणतात आणि तो रुग्णाचं प्रतिपिंडांचं चित्र जितकं ताजं, तितकाच विश्वासाचा.

थोडी कुरबुर झाली. ३९ वर्षांच्या दात्याच्या बदल्यात ४७ वर्षांच्या दातीची किडनी, हा व्यवहार बरोबरीचा आहे का, असं नवऱ्याच्या थोरल्या भावानं विचारलं. प्रश्न गैर नव्हता. नेफ्रॉलॉजिस्टनं दोन्ही दात्यांचे स्कॅन समोर ठेवून त्या बाईची किडनी उत्तम काम करते आहे हे दाखवलं, आणि वयाचा फरक लपवला नाही. बाकी निर्णय जोडप्यानं घेतला.

शस्त्रक्रियेच्या आठवड्यात काढलेल्या ताज्या सीरमवर दोन्ही जोड्यांचे सीडीसी आणि फ्लो पुन्हा झाले. चारही निगेटिव्ह. दोन्ही दात्यांच्या शस्त्रक्रिया एकाच वेळी सुरू करण्यात आल्या. एकाची किडनी निघाल्यावर दुसऱ्यानं माघार घेतली असं होऊ नये म्हणून ही रीत पाळतात. आठव्या दिवशी बाईचं क्रिएटिनीन १.१.

चौदाव्या महिन्यात

वर्षभर सगळं सुरळीत. चौदाव्या महिन्यात क्रिएटिनीन १.४. लघवीत प्रथिनं नाहीत. सिंगल अँटिजेन पुन्हा लावली. ए२४ अजून तिथेच, ५,००० च्या घरात. पण नव्या किडनीत ए२४ नाही, तेव्हा त्याचा या किडनीशी संबंध नाही. नवीन होतं ते डीक्यू९ विरुद्धचं प्रतिपिंड, २,६००.

डीक्यू९ आलं कुठून? रुग्ण डीआर७, दाती दोन्हीकडून डीआर७. डीआरमध्ये एकही विजोड नाही, म्हणून त्या बाजूनं सगळे निश्चिंत होते. पण डीआर७ वेगवेगळ्या डीक्यूंबरोबर फिरतो. ए३३-बी४४-डीआर७ या गठ्ठ्यात त्याच्यासोबत डीक्यू२ असतो. ए१-बी५७-डीआर७ या गठ्ठ्यात, जो भारतीयांत चांगलाच परिचित आहे, त्याच्यासोबत डीक्यू९. रुग्णाकडे डीक्यू२ आणि डीक्यू५ होते. दातीचा डीक्यू९ तिला परका. सहापैकी किती जुळतं या जुन्या मोजणीत डीक्यू धरतच नाहीत. प्रत्यारोपणानंतर नव्यानं उगवणाऱ्या प्रतिपिंडांमध्ये मात्र डीक्यूविरुद्धचीच सर्वांत जास्त दिसतात. डीक्यूचं टायपिंग झालं होतं, अहवालाच्या दुसऱ्या पानावर होतं. पहिल्या पानावरच्या ए-बी-डीआरनं सगळ्यांचं समाधान झालं होतं. स्वॅप तरीही बरोबरच होता. परक्या डीक्यूसाठी कुणी ही जोडी नाकारली नसती. फक्त या रुग्णाच्या औषधांकडे पहिल्या महिन्यापासून जास्त बारीक लक्ष ठेवलं गेलं असतं.

टॅक्रोलिमसची पातळी ३.८ निघाली, त्या केंद्राच्या हिशेबानं कमी. विचारल्यावर कळलं की सोलापूरच्या दुकानात नेहमीची कंपनी मिळेना, दुसरी घेतली, आणि ती मिळेपर्यंत आठ-दहा दिवस संध्याकाळची गोळी वगळली. बायोप्सीत सी४डी (प्रतिपिंडांच्या हल्ल्याची किडनीत दिसणारी खूण) निगेटिव्ह, हल्ल्याच्या ठळक खुणा नाहीत. मात्रा वाढवली, दर महिन्याला पातळी, तीन महिन्यांनी पुन्हा मणी. तेव्हा डीक्यू९ चा आकडा १,९०० आणि क्रिएटिनीन १.२. हे उतरणं औषधाचं की मोजमापातल्या नेहमीच्या हेलकाव्याचं, यावर प्रयोगशाळा आणि नेफ्रॉलॉजिस्ट यांचं एकमत झालं नाही. पुढचा नमुना आधीच्या गोठवलेल्या सीरमसोबत, एकाच दिवशी, एकाच किटवर लावायचा, एवढं ठरलं.